उपाध्यक्षांच्या नावे

जावक क्र. ७
कर्वेनगर, पुणे
रविवार, ४ मार्च २००१

मा. अध्यक्ष श्री. वैजनाथ गेनबा भालशंकर,
प्रज्ञा वाचनालय

सविनय जयभीम.

कार्यकारिणीचा प्रत्येक निर्णय कार्यवाहानं अध्यक्षांना लेखी कळवायचा, असं आपल्या संस्थेचा नियम १९ सांगतो. म्हणून, आपलं घर माझ्या घरापासून चाळीस पावलांवर असूनही, हे पत्र.

आज सकाळच्या बैठकीत ठराव क्र. ३ मंजूर झाला. माझ्या कंपनीत जुने कॉम्प्युटर बदलून नवे येत आहेत. त्यातले चालू स्थितीतले दहा आपल्या वस्तीतल्या मुलामुलींसाठी मिळत आहेत. वाचनालयाच्या खोलीत रोज संध्याकाळी चार ते आठ वर्ग भरेल. शिकवायला मी आणि माझ्या ऑफिसमधले दोघं. त्यासाठी मधलं लांब टेबल भिंतीला लावावं लागेल, आणि वर्तमानपत्रांचा स्टँड व्हरांड्यात.

कंपनीला अध्यक्षांच्या सहीचं पत्र १० एप्रिलपर्यंत हवं आहे. यादीत आपल्यामागे आणखी तीन संस्था उभ्या आहेत, त्यामुळे तारीख पुढे ढकलली जाणार नाही. जमलं तर १४ एप्रिलला, जयंतीच्या दिवशी, वर्ग सुरू करू.

काका, सही उजवीकडे खाली. पेन्सिलीनं फुली केली आहे.

आपली,
उत्कर्षा ओव्हाळ
कार्यवाह


शुक्रवार, ९ मार्च २००१

चि. उत्कर्षास, जयभीम.

पत्र मिळाले. पावले त्रेचाळीस आहेत. तू दाराखालून पत्र सरकवलेस. मी मात्र हे उत्तर टपालाने पाठवीत आहे. टपालाचा शिक्का तारखेचा पुरावा असतो. सरकवलेल्या कागदाला पुरावा नसतो.

ठराव सही न करता परत पाठवीत आहे. नियम ११ प्रमाणे तसा मला अधिकार आहे. हा नियम मी राज्यघटनेच्या अनुच्छेद १११ वरून घेतला. संसदेचे विधेयक पटले नाही तर राष्ट्रपती ते फेरविचारासाठी एकदा परत पाठवू शकतो. एकदाच. पुन्हा तसेच आले तर अनुमती रोखता येत नाही. आपल्या संस्थेची घटना १९७९ साली मी का लिहिली, हे तुला ठाऊक नसेल; तू पाच वर्षांची होतीस. पहिले अध्यक्ष दत्तोबा खोलीची किल्ली कमरेला लावून गावाला जात, आणि पंधरा पंधरा दिवस पोरे पायरीवर बसून अभ्यास करीत. तेव्हा मी ठरवले की अध्यक्षाला मान द्यायचा आणि हात बांधून टाकायचे. देशाच्या राष्ट्रपतीला जेवढे बांधले आहे तेवढेच. कारखान्यातून पाळी संपवून येऊन मी शब्दकोश शेजारी ठेवून इंग्रजीतली घटना वाचली. इंग्रजी तिच्यातूनच शिकलो. दोन वर्षे लागली.

आता हरकती. वायरिंग सतरा वर्षांचे आहे, दहा यंत्रे पेलणार नाही. व्हरांड्यात दुपारी ऊन येते, कागद पिवळा पडतो. टेबल जड सागवानी आहे, सरकवले तर पाय डगमगतील. आणि टेबलाच्या टोकाला उपाध्यक्षांची खुर्ची आहे, ती जागेवरच राहिली पाहिजे. याचा ठरावात उल्लेख नाही.

एक खाजगी गोष्ट. एकोणतीस वर्षे मी टूलरूममध्ये शतांश मिलिमीटरपर्यंत काम केले. गेल्या ऑगस्टमध्ये स्वेच्छानिवृत्तीच्या कागदावर सही केली, कारण माझ्या जागी कॉम्प्युटरवर चालणारे यंत्र आले. त्या यंत्राशी माझे भांडण नाही. पण ते मागोमाग घरापर्यंत येईल असे वाटले नव्हते.

वै. गे. भालशंकर
अध्यक्ष


जावक क्र. ८
सोमवार, १९ मार्च २००१

मा. अध्यक्ष,

सविनय जयभीम.

आपल्या हरकती काल कार्यकारिणीपुढे शब्दशः वाचल्या. वायरिंग बदलायला समाधान तयार आहे. तो लाइनमन आहे, रविवारी दोन दिवसांचं काम एका दिवसात करतो म्हणाला. व्हरांड्याला ताडपत्री लावू. टेबल सहा जण मिळून उचलू, सरकवणार नाही.

नंतर शालूताई बोलल्या. त्या बैठकीत कधी बोलत नाहीत हे तुम्हाला माहीत आहे. त्या म्हणाल्या, "मी याच टेबलावर सही शिकले. पस्तिशीला. आता माझ्या पोरीला ते माऊस का काय ते शिकू द्या. हिराबाई असत्या तर पहिल्या त्याच बसल्या असत्या त्या मशिनीपुढं, चष्मा पुसत."

कुणी हसलं, कुणी नाही.

ठराव क्र. ३ दुसऱ्यांदा, एकमतानं मंजूर झाला. नियम ११ प्रमाणे आता सही रोखता येत नाही. फुली त्याच जागी आहे.

खुर्चीबद्दल बैठकीत कुणीच काही बोललं नाही. मीही नाही.

उत्कर्षा


जावक क्र. ९
बुधवार, २८ मार्च २००१

काका,

नऊ दिवस झाले. तुम्ही रोज सकाळी साडेसातला वाचनालय उघडता, अकराला बंद करता, चारला पुन्हा उघडता. मी सकाळी बस पकडायला जाते तेव्हा तुम्ही खिडकीत वर्तमानपत्र धरून असता. परवा मी हात केला. तुम्ही पान उलटलंत.

ठरावाचं काय झालं?

उत्कर्षा


शुक्रवार, ३० मार्च २००१

चि. उत्कर्षास, जयभीम.

ठराव माझ्या टेबलाच्या खणात आहे. सुरक्षित आहे.

नियम ११ नीट वाच. दुसऱ्यांदा आलेल्या ठरावावर अध्यक्षाने सही करायची, असे त्यात आहे. किती दिवसांत, असे त्यात नाही. अनुच्छेद १११ मध्येही नाही. १९८६ साली संसदेने टपालाचे एक विधेयक मंजूर केले. लोकांची पत्रे अडवून फोडण्याचा अधिकार सरकारला मिळणार होता. त्या वेळच्या राष्ट्रपतींनी त्यावर सही केली नाही, नाही म्हटले नाही, परतही पाठवले नाही. नुसते ठेवून दिले. मुदत संपून ते घरी गेले तरी ते तसेच होते. मी तेव्हा वर्तमानपत्राचे ते कात्रण कापून ठेवले. दुसऱ्याचे पत्र कोणी फोडू नये, यासाठी एक माणूस काहीही न करता बसून राहिला, आणि ते घटनेत बसले.

मीही बसून आहे.

तू हात केलास तो मी पाहिला. पान उलटायची वेळ तीच होती.

वै. गे. भालशंकर


रविवार, १ एप्रिल २००१
(जावक क्रमांक घातलेला नाही. हे माझं स्वतःचं पत्र आहे.)

काका,

तारीख एक एप्रिल असली तरी गंमत करत नाहीये.

पहिली गोष्ट, ते टपालाचं विधेयक राष्ट्रपतींकडे एकदाच गेलं होतं. ते परत पाठवलं पुढच्या राष्ट्रपतींनी. आमचा ठराव तुम्ही परत पाठवून झाला आहे आणि दुसऱ्यांदा आला आहे. दोन्ही गोष्टी एक नाहीत. तुम्ही इतर कुणाला अशी चूक करू दिली नसती.

दुसरी गोष्ट. काल वाचक नोंदवही पाहिली. मार्च महिन्यात एकूण एकेचाळीस सह्या आहेत. त्यातल्या एकतीस तुमच्या. रोज एक. तुम्ही अध्यक्ष आहात, दार तुम्हीच उघडता, वही तुम्हीच पुढे ठेवता आणि तुम्हीच सही करता. ते पाहून मला राग यायला हवा होता, पण आला नाही. वही मिटून तशीच बसून राहिले.

तिसरी. लहानपणी तुम्ही आम्हाला पायरीवर बसवून सांगायचात, राष्ट्रपती हा देशातला सगळ्यात मोठा माणूस, आणि त्याला स्वतःच्या मनानं काही करता येत नाही, हीच त्याची थोरवी. ते वाक्य आपल्या नियमात कुठे आहे म्हणून शोधलं. नियम ७: "अध्यक्षास साहाय्य व सल्ला देण्यासाठी कार्यकारी मंडळ असेल." बस, संपलं. त्या सल्ल्याप्रमाणे वागलंच पाहिजे, असं कुठेच नाही. मग ऑफिसमध्ये इंटरनेटवरून राज्यघटनेचा अनुच्छेद ७४ काढला. प्रिंट सोबत आहे. राष्ट्रपती सल्ल्यानुसार वागेल, असं तिथं स्पष्ट लिहिलंय. फेरविचार करायला एकदा सांगू शकतो, आणि नंतर येईल त्या सल्ल्यानुसार वागेल, हेही.

आपल्या नियमात हे का नाही? विसरलात, की मुद्दाम गाळलंत?

दत्तोबांच्या कमरेची किल्ली आज कुणाच्या कमरेला आहे, काका?

उत्कर्षा


गुरुवार, ५ एप्रिल २००१

चि. उत्कर्षास,

तुझा प्रिंट चुकीचा असणार, असे मी प्रथम धरले. इंटरनेटवर कोणीही काहीही लिहितो, असे ऐकून आहे. माझी प्रत काढली. अनुच्छेद ७४: साहाय्य व सल्ला देण्यासाठी एक मंत्रिमंडळ असेल. त्यापुढे काही नाही. नियम ७ शब्दाला शब्द लावून घेतलेला आहे. मी काही गाळलेले नाही.

काल बसने अप्पा बळवंत चौकात गेलो. पुस्तकांच्या दुकानात उभा राहून घटनेची नवी प्रत उघडली. तुझा प्रिंट बरोबर आहे. पुन्हा पुन्हा वाचत राहिलो, तेव्हा दुकानदार म्हणाला, "काका, वाचनालय नारायण पेठेत आहे, दोन मिनिटांवर." मी म्हणालो, मी एका वाचनालयाचा अध्यक्षच आहे. तो म्हणाला, "मग तिथं जाऊन वाचा."

प्रत विकत घेतली.

माझी जुनी प्रत १९६७ ची आहे. त्याच चौकात जुन्या पुस्तकांत मिळाली होती. 'सल्ल्यानुसार वागेल' हे शब्द १९७६ साली, आणीबाणीत, बेचाळिसाव्या दुरुस्तीने आले. पुढे सरकार बदलले आणि आणीबाणीतले सगळे पुसून टाकले, असे मी धरून चाललो. म्हणजे माझी प्रत पुन्हा बरोबर झाली, असा माझा हिशोब. सगळे पुसलेले नव्हते. हे शब्द ठेवले होते, आणि चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने 'एकदा फेरविचार' त्यात घातला होता. मी पडताळून पाहिले नाही. टूलरूममध्ये कोणी मोजमाप न घेता 'असेल बरोबर' म्हणाला तर मी त्याला यंत्रावरून उठवीत असे.

तू दहावीत होतीस तेव्हा वक्तृत्व स्पर्धेत तुझा दुसरा नंबर आला. विषय राष्ट्रपतींचे अधिकार. भाषण मी लिहून दिले होते. परीक्षकांनी 'संदर्भ जुने' असा शेरा मारला. मी त्यांना चार पानी पत्र लिहून त्यांचे अज्ञान दाखवून दिले होते. त्यांनी उत्तर दिले नाही. हिरा तेव्हा म्हणाली होती, "अहो, एकदा नवं पुस्तक तरी बघा." मी तिला म्हणालो, घटना काय दरवर्षी नवी छापतात?

बावीस वेळा सव्वीस जानेवारीला मी पोरांसमोर ते वाचले आहे.

आता पुढचे. माझ्या चुकीमुळे नियम ७ ने मी बांधला गेलेलोच नाही. नियम ११ ला मुदत नाही. तुम्ही नियम बदलायचे म्हटले तरी त्या दुरुस्तीवर अध्यक्षाची सही लागते. अध्यक्षाला बांधायला निघालो आणि दार उघडे ठेवून आलो. मला वाटले तर ही खोली मी मरेपर्यंत अशीच ठेवू शकतो. अशी सत्ता मी कधी मागितली नव्हती. काल रात्रीपासून ती माझ्याजवळ आहे, आणि घरात दुसरे कोणी नाही.

वै. गे. भालशंकर


जावक क्र. १०
शुक्रवार, ६ एप्रिल २००१

काका,

मला तुम्हाला हरवायचं नव्हतं. प्रिंट पाठवायच्या आधी मी विचार करायला हवा होता.

दुसऱ्या नंबरचा कप अजून घरी आहे. आई त्यात चमचे ठेवते.

१० तारीख मंगळवारी आहे. मी आता काही म्हणणार नाही.

उत्कर्षा


रविवार, ८ एप्रिल २००१

चि. उत्कर्षास, जयभीम.

सोबत ठराव क्र. ३, सहीसह. कंपनीसाठीचे पत्रही जोडले आहे. तारीख जवळ आहे म्हणून हे टपालाने पाठवले नाही. दाराखालून सरकवीत आहे. पुराव्याची गरज नाही.

सही का केली ते लिहितो, कारण नियम १९ तुझ्याकडून लेखी मागतो तर माझ्याकडूनही असावे. १९६७ च्या प्रतीत राष्ट्रपतीला बांधणारे शब्द नव्हते. तरी त्या जागेवर जी माणसे बसली त्यांनी आपल्याला बांधलेलेच आहे असे धरून सह्या केल्या. पंचवीस वर्षे शब्दांवाचून चालले. जुनी प्रत घेऊन बसलो तर तिच्यातले हेही घेतले पाहिजे.

टेबलाचा डावीकडचा मागचा पाय दोन मिलिमीटर आखूड आहे. सध्या खाली घडी केलेला पुठ्ठा आहे. लाकडाची चकती कानसून दिली आहे, ती त्याच पायाखाली घाला. यंत्र हलता कामा नये.

मात्र ज्याने नियम लिहिताना पडताळून पाहिले नाही, आणि सही करायला एकवीस दिवस लावले, त्याने अध्यक्ष राहू नये. राजीनामा दिला आहे. राष्ट्रपती आपला राजीनामा उपराष्ट्रपतीला उद्देशून सहीनिशी लिहितो, अनुच्छेद ५६. नवी प्रत पाहिली, यात बदल नाही. आपला नियम १४ तसाच आहे. त्याप्रमाणे तो उपाध्यक्षांच्या नावे, वाचनालयाच्या पत्त्यावर, काल टपालात टाकला.

किल्ली शालूताईंकडे दिली.

वै. गे. भालशंकर


जावक क्र. ११
मंगळवार, १० एप्रिल २००१

मा. अध्यक्ष,

सविनय जयभीम.

पत्र कंपनीत पोचलं. साहेबांनी माझ्यासमोर शिक्का मारला. गुरुवारी टेम्पो येईल.

आज वाचनालयात एक पाकीट आलं. पोस्टमन नवा आहे, त्यानं विचारलं, "ह्या मॅडम कोण? सही घ्यायचीय." पाकिटावर तुमच्या अक्षरात होतं: सौ. हिरा वैजनाथ भालशंकर, उपाध्यक्ष, प्रज्ञा वाचनालय. मी म्हटलं, बाहेर गेल्यात, मी घेते.

काका, मी ते फोडलेलं नाही. दुसऱ्याचं पत्र फोडू नये म्हणून एक राष्ट्रपती बसून राहिले, हे तुम्हीच मला लिहिलंत. मग कार्यवाहानं उपाध्यक्षांचं पत्र कसं फोडायचं? ते जसंच्या तसं परत करत आहे.

राजीनाम्याबद्दल: नियम १४ प्रमाणे तो उपाध्यक्षांच्या हाती पडला पाहिजे. उपाध्यक्षपद फेब्रुवारी १९९८ पासून रिकामं आहे. राजीनामा घ्यायला कुणी नाही, म्हणून तो दिला गेला असं मला नोंदवता येत नाही. आजही तुम्हीच अध्यक्ष आहात.

ते पद भरण्याचा विषय काकू गेल्यावर दोनदा बैठकीत निघाला होता. दोन्ही वेळा तुम्ही 'पुढील बैठकीत' असा शेरा मारलात. आम्ही पुन्हा काढला नाही. कुणालाच काढायचा नव्हता.

चकती बसली. टेबल अजिबात हलत नाही. खुर्ची मात्र कुठे ठेवायची ते ठरत नाही. समाधान ती आत ठेवायला निघाला तर शालूताई त्याच्यावर ओरडल्या. सध्या ती व्हरांड्यात वर्तमानपत्रांशेजारी आहे, ताडपत्रीच्या सावलीत. तुम्ही सांगाल तसं.

किल्ली शालूताई ठेवून घेत नाहीयेत, सोबत परत पाठवतेय. म्हणतात, "साडेसातला कोण उठतंय?"

उत्कर्षा


गुरुवार, १२ एप्रिल २००१

चि. उत्कर्षास, जयभीम.

सकाळी साडेसातला दार मी उघडले. टेम्पो दहाला आला. खोकी उतरवताना मी मोजली, दहाच आहेत. एकाच्या कळफलकाची एक कळ सैल आहे, उजवीकडून तिसरी. कंपनीला लेखी कळव.

उपाध्यक्षपद भरण्यास माझी अनुमती आहे. राष्ट्रपतीचे पद रिकामे झाले तर घटना सहा महिन्यांची मुदत देते. उपराष्ट्रपतीच्या बाबतीत नुसते 'शक्य तितक्या लवकर' म्हणते. मी त्या शब्दांचा आधार घेतला. तीन वर्षे दोन महिने झाले; यापेक्षा लवकर मला शक्य झाले नाही, असे इतिवृत्तात नोंदवावे. शालूताईंचे नाव मी सुचवीत आहे. नियम ७ आणि ११ ची दुरुस्ती नव्या प्रतीवरून लिहून ठेवली आहे. सल्ला बंधनकारक, आणि सहीला पंधरा दिवस. या वेळी दोनदा पडताळले. तूही पडताळ.

खुर्ची व्हरांड्यात असू द्या. शनिवारी वर्ग सुरू होईल तेव्हा मी तिथे बसेन. हात केलास तर दिसेल.

पाकीट परत मिळाले. फोडलेले नव्हते. राजीनामा त्यात दोन ओळींचाच होता, तो काढून फाडला. बाकीची सहा पाने कार्यालयीन नव्हती. ती खणात, ठराव होता त्या जागी ठेवली आहेत. त्यांना मुदत नाही.

वै. गे. भालशंकर
अध्यक्ष